आत येताना, बाहेर जाताना

काका माझी पिशवी दोनदा बघायचे. एकदा मी आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. दारातच त्यांची खुर्ची असायची आणि खुर्चीशेजारी एक स्टूल. मी चप्पल काढायची, पिशवी स्टुलावर ठेवायची आणि भिंतीकडे बघत उभी राहायची. पिशवीत काय असणार? माझा डबा, पाण्याची बाटली, कधी रस्त्यात घेतलेली मेथीची जुडी. ते जुडी उचलून तिच्या खालीही बघायचे, बॅटरी लावून. दिवसाढवळ्या. मग पिशवीच्या बाजूवर तळहाताने दोन थापा मारायचे. थापा मारल्या म्हणजे जा.

नवीन पनवेलच्या त्या बिल्डिंगमध्ये मी स्वयंपाकाची कामं करायचे. काका रिटायर व्हायच्या आधीपासून मी त्यांच्याकडे जात होते, पण तेव्हा ते क्वचितच दिसायचे. जासईकडच्या एका कंटेनर यार्डात ते गेटवर होते. बंदरातून आलेला कंटेनर आत घ्यायचा, भरलेला बाहेर सोडायचा, आणि दोन्ही वेळेला त्याच्या दाराचं सील तपासायचं, हे त्यांचं काम. सील म्हणजे जाड खिळ्यासारखं असतं, त्यावर नंबर असतो, एकदा लावलं की तोडल्याशिवाय निघत नाही. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी लसूण सोलत होते.

"सील बघणारे पुष्कळ असतात," ते म्हणाले. "पण चोर सीलला हातच लावत नाही. तो बिजागरी खोलतो, दार उतरवतो, माल काढतो आणि दार परत बसवतो. सील जसंच्या तसं. म्हणून सील बघत बसायचं नाही. बिजागरी बघायची. कळलं?"

"हो काका," मी म्हटलं.

"काय कळलं?"

मला कुणी असं उलट विचारलं की माझं तोंड बंद होतं. शाळेतही तसंच व्हायचं. चौथीनंतर शाळा सुटली ते त्या बाबतीत बरंच झालं.

त्यांचा निरोप समारंभ झाला त्याची हकिकत काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितली. यार्डातल्या लोकांनी शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी नारळ सगळ्यांसमोर कानाशी नेऊन हलवून बघितला. घरी आल्यावर घड्याळाचं मागचं झाकण खोललं. आत फक्त यंत्र आणि सेल. तरी त्यांचं समाधान झालं नाही.

"मला देवमाणूस म्हणाले," ते चहा पिता पिता बोलत होते. "गेटवर होतो तेव्हा एकानेही धड नमस्कार केला नाही. जाताना एवढं गोड बोलतात, म्हणजे माझ्याकडून काहीतरी काढून घेतलंय."

"काय काढून घेणार तुमच्याकडून?" काकू म्हणाल्या. "वय झालं, सोडलं."

"तेच शोधतोय," काका म्हणाले.

आणि ते खरंच शोधायला लागले. कपाटावर टकटक करून आवाज ऐकायचे, आत पोकळी आहे का म्हणून. कलिंगडावर टकटक सगळेच करतात, ते जावयाच्या बॅगेवर करायचे. गॅसवाला आला की सिलेंडरचं झाकण काढून, पाणी टाकून, बुडबुडे बघून मगच त्याला सोडायचे. उरणकडून एक कोळीण मावशी मासळी घेऊन यायच्या. काका पापलेटाचे कल्ले उघडून बघायचेच, वर बॅटरीने तोंडातही बघायचे.

"काय ओ काका," मावशी एकदा म्हणाल्या, "हा मासा पानी पीत होता, त्यात काय चोरून आनलंय का बगता? उद्यापासून एकेकाला सील लावूनच आनते मी."

"लावलंत तरी मी कल्ले बघणार."

"बगा बगा. कल्लेच तर बिजागरी हाय त्याची!" त्यांनाही ते वाक्य काकांनी ऐकवलेलं होतं. सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं होतं.

काकू त्यांना बाहेर काढायला बघायच्या. बागेत सकाळी म्हातारी माणसं गोल उभी राहून जोरजोरात हसतात, तिथे पाठवलं. काका अर्ध्यातून परत आले. म्हणाले, "कारणाशिवाय माणूस हसतोय म्हणजे तो काहीतरी लपवतोय." मग त्याच मंडळींची कर्नाळ्याला सहल निघाली, पक्षी बघायला. काकू हौसेने गेल्या, यांनाही नेलं. परत आल्यावर मी विचारलं, कुठले पक्षी दिसले? काकू सांगायला लागल्या, निळा, लांब शेपटीचा. काका म्हणाले, "बसच्या डिकीचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. मी दिवसभर बसपाशीच उभा होतो."

"दिवसभर?" मी म्हटलं.

"सगळ्यांच्या पिशव्या आत होत्या ना," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि भाजी ढवळायला लागल्या. ती भाजी मी आधीच ढवळली होती.

मला ते रिटायर होणं कळत नव्हतं. आमच्यात कोण रिटायर होतं? माझी आई गव्हाणला तिच्या घरी डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी सुकट निवडायला बसायची, बोटांनीच खडे काढायची. काम सुटलं असं तिला कधी कुणी सांगितलं नाही. काकांना मात्र शाल देऊन सांगितलं होतं. नोकरीत असताना त्यांच्या संशयाला पगार होता. तो बंद झाला आणि संशय तसाच राहिला, सकाळी लवकर उठणारा, दाढी करून, खिशात बॅटरी घालून बसणारा. त्याला घरात काय मिळणार? मी मिळाले.

मला त्याचा राग यायचा, पण लाज जास्त वाटायची. समोरच्या दारातून कुणी बाहेर पडलं की मी पिशवीसमोर उभी दिसायची. काकू आतून म्हणायच्या, "अहो, किती वर्षांची बाई आहे ती आपली." काका म्हणायचे, "आपलं म्हणूनच बघायचं असतं."

त्याच्यामागे एक गोष्ट होती, ती मला काकूंनी सांगितली. यार्डात कॅन्टीनचा टेम्पो यायचा, दुपारचं जेवण घेऊन. जेवणं झाली की रिकामी पातेली घेऊन परत जायचा. त्याचा ड्रायव्हर काकांना रोज आधी चहा आणून द्यायचा, दोघं बोलत उभे राहायचे. बाहेर जाताना काका त्या टेम्पोच्या बाजूवर दोन थापा मारायचे, आत न बघता. आपलाच टेम्पो. एके दिवशी दुसऱ्याच कुणीतरी पातेल्याचं झाकण उचललं, तर उरलेल्या भाताखाली परदेशी अत्तराच्या बाटल्या. किती दिवस चाललं होतं कुणाला ठाऊक. काकांना साहेबांसमोर उभं केलं. नोकरी वाचली, पण त्यानंतर त्यांनी यार्डात कुणाच्या हातचा चहा घेतला नाही. ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याची गाडी आपल्याकडून तपासली जात नाही, असं ते म्हणायचे.

घरीही तोच नियम. माझ्या हातच्या पोळ्या खायचे, भाजी खायचे, पण चहा कधी घेतला नाही. मी एकदा काकूंना बरं नव्हतं म्हणून कप पुढे केला, तर म्हणाले, "पोळी कामाची असते, चहा ओळखीचा." आणि तसेच बसून राहिले, काकू उठेपर्यंत. त्यांचा चहा काकूच करायच्या, लग्न झाल्यापासून.

आता काकूंचं सांगते. काका नोकरीत होते तेव्हा दुपारी काकूंकडे बायका जमायच्या. पत्ते खेळायच्या, बदाम सात. मी भांडी आवरत असायचे आणि बाहेरून त्यांचं खिदळणं ऐकू यायचं. काकू एरवी हळू बोलणाऱ्या, पण पत्ते हातात आले की आवाज चढायचा. काका घरी बसायला लागल्यावर बायका यायच्या बंद झाल्या. येणाऱ्या प्रत्येकीला ते विचारायचे, कोणाकडे, कशासाठी, किती वेळ. कोण येईल? काकू मला एकदा पीठ मळताना म्हणाल्या, "हे रिटायर झाले आणि माझी दुपार गेली."

तळमजल्यावर आपा राहायच्या. एकट्याच. मुलगा आखातात नोकरीला, तो खजूर पाठवायचा, त्या सगळ्यांना वाटायच्या. त्यांची बोटं आखडायची म्हणून दुपारी मी त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायचे. एके दिवशी मी भाकऱ्या करायला गेले तर आत काकू बसलेल्या. समोर पत्ते. आणखी दोन बायका. आपांच्या शेगडीवर रवा भाजायला ठेवलेला, खमंग वास सुटलेला. काकूंनी मला बघितलं आणि पत्ते पदराखाली घेतले.

"तुझ्या काकांना मी देवळात भजनाला गेलेय असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तू बोलू नकोस हां."

रवा, साखर, तूप काकू घरून आणायच्या. घरी लाडू केले असते तर काका म्हणाले असते, कोणासाठी, कशासाठी. म्हणून जिन्नस कापडी पिशवीत घालून, वर फुलांची पुडी ठेवून त्या काकांच्या खुर्चीसमोरून खाली उतरायच्या. काका त्यांची पिशवी बघत नसत.

मी बोलणार नव्हतेच. मी कुठे बोलते?

पण काकांनी डब्यांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. ते रव्याचा डबा हलवून रवा सपाट करायचे आणि वरती अंगठ्याचा ठसा उठवून ठेवायचे. तुपाच्या बरणीवर बाहेरून पेनाने रेघ. संध्याकाळी बघितलं की ठसा मोडलेला आणि तूप रेघेच्या खाली. मग सकाळी माझी पिशवी बघताना त्यांचा हात पिशवीत जास्त वेळ राहायचा. माझा डबाही उघडायला लागले. भाकरीचा पदर उचलून आत बघायचे. काकू ओट्यापाशी उभ्या असायच्या, पाठमोऱ्या.

मग एकदा काका खाली जाऊन वॉचमनला म्हणाले, "ती वरून उतरते ना, तिच्या पिशवीकडे लक्ष ठेव." मी जिन्यातच होते. वॉचमन माझ्याकडे बघून हसला, वाईट नाही, पण हसला. आणि वॉचमनला सांगितलं म्हणजे बिल्डिंगला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम मी त्यांचा स्वयंपाक करायचे तेव्हा हॉलमध्ये असायच्या, त्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या, मोबाइल घेऊन. दुसऱ्या एका घरी सांगितलं, उद्यापासून नको, आम्ही डबा लावलाय. डबा त्यांनी लावला नव्हता. त्यांच्या खिडकीतून फोडणीचा वास मला रोज यायचा.

कामवाल्या बाईचं नाव एका घरात गेलं की सगळ्या घरांतून जातं. मग दुसरी बिल्डिंगही उभी करत नाही. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांग ना मग, कोन घेतं ते. तुला तोंड नाय का?" तोंड होतं. पण ते उघडलं असतं तर काकूंची दुपार गेली असती. आणि माझं कुणी खरं मानलं असतं का? घरची बाई आपल्याच घरातला रवा चोरते, असं मी सांगितलं असतं तर मीच खोटी आणि वर आगाऊ ठरले असते.

त्या आठवड्यात आपांकडे भाकरी थापताना माझी भाकरी फाटायला लागली. एक फाटली, दुसरी फाटली. माझी भाकरी फाटत नाही. आपा पत्ते ठेवून आत आल्या.

"काय झालं गो? उकड बिघडली का?"

"नाय आपा."

"मग तू बिघडलीस. बोल."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते परातीत पडू नये म्हणून मी मान वळवली. बाकीच्या दोघींपैकी एकीने बाहेरून सांगितलं, वॉचमनचं, तिसऱ्या मजल्याचं, सगळं. तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. काकूंनाच नव्हतं, किंवा त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं.

आपा बाहेर गेल्या. "भाभी," त्या म्हणाल्या, "पत्ते खाली ठेव आधी. या पोरीच्या नावावर आपण लाडू खातोय. माझ्या घशाखाली उतरणार नाही आता, अल्ला शपथ."

काकूंच्या हातात पत्ते तसेच होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी सांगते त्यांना," त्या म्हणाल्या.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. काकूंनी काही सांगितलं नाही. मी रोज पिशवी स्टुलावर ठेवत होते. मला वाटायला लागलं, काकू सांगणार नाहीत. आपली दुपार मोठी का परक्या बाईचं नाव? मी त्यांच्याही चेहऱ्याकडे संशयाने बघायला लागले. साखर द्यायला त्यांनी हात पुढे केला तरी वाटायचं, ही बाई मला काय देतेय?

मग एका दुपारी मी काम आटोपून निघाले होते. पिशवी स्टुलावर ठेवली. काकांनी बॅटरी काढली. तेवढ्यात काकू आतून आल्या, बाहेर जायची साडी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. आज वर फुलांची पुडी नव्हती. त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि आपली स्टुलावर ठेवली.

"बघा," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं.

"बघा ना. तिची रोज बघता. माझीही बघा. आत येताना बघा, बाहेर जाताना बघा."

पिशवी पुढून थोडी उघडी होती. त्यातून तुपाच्या बरणीचं झाकण दिसत होतं. मला दिसत होतं, म्हणजे काकांनाही दिसत असणार. त्यांच्या हातात बॅटरी लागलेली होती, उजेड जमिनीवर पडला होता. ते पिशवीकडे बघतच नव्हते. दाराच्या बिजागरीकडे बघत होते.

मग त्यांनी बॅटरी बंद केली. हात पुढे केला आणि पिशवीच्या बाजूवर दोन थापा मारल्या. हलक्या. आतलं झाकण जरासं वाजलं.

काकूंनी पिशवी उचलली. "आपांकडे आहे," त्या म्हणाल्या. "पत्ते खेळायला. पाचला येते." आणि जिना उतरल्या.

मी माझी पिशवी स्टुलावर परत ठेवली. माझी तपासायची राहिली होती. काका म्हणाले, "राहू दे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "चहा टाक."

"काकू पाचला येतील," मी म्हटलं.

"तिचा नाही. तुझा टाक. मलाही दे."

मी चहा केला. साखर जास्त पडली असावी. त्यांनी कप घेतला, सवयीने आत बघितलं आणि प्यायले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझा प्यायले. त्यांनी माफी वगैरे काही मागितली नाही. कप खाली ठेवताना एवढंच म्हणाले, "कॅन्टीनचा टेम्पो."

संध्याकाळी ते खाली गेले आणि वॉचमनला इतक्या मोठ्याने सांगितलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जावं, "तिची पिशवी बघायची नाही. मी बघितलीय. काही नव्हतं." तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम त्यानंतर परत हॉलमध्ये बसायला लागल्या. डबा लावलेल्या घराने मात्र बोलावलं नाही.

पुढे काकाही कधीकधी दुपारी खाली उतरायचे. आपांच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आत बायकांचा खेळ चालायचा आणि हे बाहेरून म्हणायचे, "त्या कोपऱ्यातल्या बाईंनी पान लपवलंय." बहुतेक वेळा लपवलेलं असायचं. आपा म्हणायच्या, "तोबा, या माणसाला कुणीतरी परत कामावर घ्या."

पण माझ्या मनातून एक गोष्ट गेली नाही. मी बाहेर जाताना माझी पिशवी ते स्वतः बघत होते. रोज. डब्यातल्या भाकरीचा पदर उचलून. त्यात रवा नव्हता, तूप नव्हतं. मी गेल्यानंतर फक्त एकच पिशवी त्या दारातून बाहेर जात होती. एवढं आयुष्य गेटवर काढलेल्या माणसाला हे कळलं नसेल? मला आता वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. काकूंच्या हातचा चहा ते जन्मभर प्यायले होते, त्यांची पिशवी उघडायला त्यांचा हात गेला नसता. आणि संशय तर कुठेतरी ठेवायला हवा होता. म्हणून तो माझ्यावर ठेवला.

हे खरं असेल तर फार वाईट आहे. खरं नसेल तर मीच त्यांच्यासारखी झालेय.

गेल्या वर्षी त्यांनी घर विकलं आणि मुलीकडे नाशिकला निघाले. सामानाचा टेम्पो बिल्डिंगखाली उभा होता. दोरीची प्रत्येक गाठ काकांनी ओढून बघितली होती. काकू आपांच्या गळ्यात पडून रडत होत्या. काका पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसले, खिशात बॅटरी, मांडीवर ते निरोपाचं घड्याळ. ते सामानात द्यायला तयार नव्हते.

मी खिडकीपाशी गेले. मनात ठरवून गेले होते की आज विचारायचं. काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? एवढंच. ते माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी विचारणार हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांचा हात घड्याळावर घट्ट झाला.

सकाळी त्या रिकाम्या घरात शेवटचा चहा मीच केला होता. आम्ही तिघांनी उभ्यानेच घेतला होता.

"नीट जा काका," मी म्हटलं. आणि टेम्पोच्या बाजूवर तळहाताने दोन थापा मारल्या. माझा हात जोरात लागत नाही. तरी ड्रायव्हरला कळलं, त्याने गाडी सोडली.